रक्त द्या, पण रिपोर्ट मागा

उत्तर नागपुरातल्या एका विहारात आम्ही सिकलसेलची तपासणी ठेवली होती. एक आजी नातवाला घेऊन आल्या. मी सुई काढायच्या आतच त्यांनी विचारलं, "सिस्टर, मांगच्या खेपेला नेलं त्या रक्ताचं काय झालं?" मागच्या खेपेला मी नव्हते, दुसरंच कुणी आलं होतं. पण हे सांगून काय उपयोग? आजींच्या लेखी पांढऱ्या कोटातले आम्ही सगळे एकच.

हा प्रश्न आता जास्तच विचारावा लागणार आहे, कारण नागपूर संशोधनाचं शहर होऊ घातलंय. ११ डिसेंबर २०२२ या एकाच दिवशी मिहानमधल्या एम्सचं लोकार्पण झालं, राष्ट्रीय वन हेल्थ संस्थेची पायाभरणी झाली आणि चंद्रपूरच्या आयसीएमआरच्या रक्तविकार संशोधन केंद्राचंही उद्घाटन इथूनच झालं. त्याच्या कितीतरी आधीपासून आपल्या मेडिकलमधले बालरोगतज्ज्ञ आणि मुंबईत परळच्या केईएमच्या आवारातली राष्ट्रीय इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्था मिळून नवजात बाळांचं रक्त तपासत आलेत. रुग्ण इथले, यंत्रं तिथली, डॉक्टर दोन्हीकडचे.

यातून जे साधायचं आहे त्याला प्रिसिजन मेडिसिन म्हणतात. आजाराचं नाव पाहून सगळ्यांना एकच गोळी न देता, ज्याच्या त्याच्या शरीरातली जनुकं पाहून नेमका उपचार करायचा. सिकलसेलच्या घरात हे समजावून सांगावं लागत नाही. एकाच आईची दोन मुलं, दोघंही एसएस. एक दर पावसाळ्यात हाडांच्या दुखण्यानं वॉर्डात, दुसरा शाळेत कबड्डी खेळतो. असं का? एखाद्याच्या रक्तात बाळपणीचं, म्हणजे गर्भातलं हिमोग्लोबिन जास्त उरलेलं असतं, एखाद्याला सोबत अल्फा थॅलेसेमियाचं जनुक मिळालेलं असतं, आणि त्यामुळे त्रास कमी होतो. भारतातला सिकलसेल सौम्य असतो असं पूर्वी मानत. गुजरातेतल्या आदिवासी रुग्णांत तो बराचसा तसा आढळला, कारण त्यांच्यात अल्फा थॅलेसेमिया पुष्कळ आहे. विदर्भातल्या आपल्या मुलांत मात्र तीव्र आजारही मोठ्या प्रमाणावर दिसला. म्हणजे गुजरातेतल्या अनुभवावरून नागपूरच्या पोराला "तुझा सौम्य आहे" म्हणणं धोक्याचं. हे संशोधनामुळेच कळलं. म्हणून मी संशोधनाच्या विरोधात नाही, हे आधीच सांगते.

माझी तक्रार वेगळी आहे. १९५८ साली नागपूरच्या डॉ. शुक्ला आणि डॉ. सोलंकी यांनी इथल्या सिकलसेलबद्दल लॅन्सेट या जगप्रसिद्ध वैद्यकीय साप्ताहिकात लिहिलं. धम्मदीक्षेला तेव्हा जेमतेम दोन वर्षं होत होती. तेव्हापासून आपलं रक्त जगभरच्या कागदांवर पोचलं आहे, तेही बहुतेकदा आपण टाकून दिलेल्या जुन्या जातीच्या नावानं. बस्तीत काय परत आलं? नोकरीत असताना मी स्वतः संशोधनासाठी नळ्या भरल्या आहेत. संमतिपत्र इंग्रजीत होतं. वेळ नव्हता, रांग मोठी होती. मी "इथे सही करा" म्हणाले आणि बायांनी केली. त्यातल्या बहुतेकींना रिपोर्ट मिळालाच नाही. ती चूक माझीही होती.

खरं तर नियम आपल्या बाजूचे आहेत. आयसीएमआरच्या २०१७ च्या नैतिक मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे संशोधनाची माहिती आपल्याला कळेल अशा भाषेत द्यावी लागते. नाही म्हणायचा, मधूनच बाहेर पडायचा हक्क असतो आणि त्यामुळे नेहमीचे उपचार थांबवता येत नाहीत. नव्या औषधाची चाचणी असेल आणि त्यात इजा झाली, तर २०१९ च्या नियमांनुसार मोफत उपचार आणि नुकसानभरपाई द्यावी लागते. तेव्हा रक्त देताना विचारा: हे कोणती संस्था नेतेय? याच तपासणीपुरतं आहे की पुढेही साठवून ठेवणार? रिपोर्ट कधी आणि कोण देणार? कागदाची एक प्रत आपल्याकडे ठेवा. साध्या सोल्युबिलिटी तपासणीत फक्त सिकल आहे एवढंच कळतं. वाहक म्हणजे एएस, की रुग्ण म्हणजे एसएस, हे इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी केल्याशिवाय कळत नाही. दुसरी तपासणी न करता कुणी तुमच्या लेकीला "आजारी" ठरवत असेल, तर ऐकून घेऊ नका.

लेकीचा विषय निघालाच आहे तर आणखी थोडं. कार्डावर एएस दिसलं की मुलीचं स्थळ मोडतं, मुलाचं कार्ड कुणी मागतही नाही. दोघंही एएस असतील तरच प्रत्येक गरोदरपणात बाळ एसएस असण्याची शक्यता चारात एक. एक एएस आणि दुसरा नॉर्मल असेल तर मूल एसएस होत नाही, मग मुलीला दोष कशाचा? आणि हे कुणाच्या पापाचं फळही नाही. मलेरियाच्या प्रदेशात वाहकांना जगायला फायदा झाला म्हणून हे जनुक टिकलं. विदर्भातल्या इतर समाजांतही ते आहेच. पोटजातीतच लग्नं लावत राहिल्यानं ते ठरावीक घरांत साचत गेलं. जात टिकते ती जातीतच लग्न केल्यानं, हे बाबासाहेबांनी १९१६ साली कोलंबिया विद्यापीठात मांडलं होतं. रक्ताचा रिपोर्ट हातात धरून ते पुन्हा वाचावं.

आता पैशांचं. २०२३ च्या अखेरीस इंग्लंड-अमेरिकेत कॅसजेव्ही या जनुक दुरुस्तीच्या उपचाराला परवानगी मिळाली. अमेरिकेतली किंमत २२ लाख डॉलर, आपले अठरा कोटींच्या आसपास. दिल्लीच्या आयजीआयबी संस्थेनं 'बिरसा १०१' हा देशी उपचार तयार केलाय आणि पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटकडे पुढच्या कामासाठी दिलाय. चांगली गोष्ट आहे. पण इकडे हायड्रॉक्सीयुरिया हे जुनं, स्वस्त औषध हॉस्पिटलच्या खिडकीवर "संपलं, पुढच्या आठवड्यात या" असं ऐकून परत येणारे बाप मी पाहते. लहान मुलांना डोस वजनाप्रमाणे लागतो आणि कॅप्सूल मिळते ५०० मिलिग्रॅमची. घरी ती फोडून अंदाजानं देऊ नका, डॉक्टरांकडूनच ठरवून घ्या. या औषधावर असताना रक्तातल्या पेशी वरचेवर मोजाव्या लागतात. खिडकीवर औषध, वेळेवर सीबीसी आणि वजनाप्रमाणे डोस, एवढं केलं तरी ते नेमका उपचारच आहे, त्याला अठरा कोटी लागत नाहीत. मोठ्या संस्थांनी बस्तीतून रक्त नेण्याआधी बस्तीच्या दवाखान्यात एवढं तरी आहे का, हे पाहावं आणि त्यांच्या समित्यांवर रुग्णांच्या घरातली माणसं घ्यावीत. दिवंगत संपत रामटेके यांनी नागपुरात सिकलसेल सोसायटी उभी केली आणि २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. २०१६ च्या दिव्यांग कायद्यात सिकलसेल आहे. घरचा माणूस बोलला की काय होतं हे आपल्याला ठाऊक आहे.

आमच्या विहारात आता एक वही ठेवली आहे. रक्त कुणी नेलं, कोणत्या तारखेला, फोन नंबर, रिपोर्ट कधी आला, असे रकाने आहेत. महिला मंडळातली एक ताई ती सांभाळते. पहिलं नाव त्या आजींच्या नातवाचं. त्याचा शेवटचा रकाना अजून कोराच आहे, म्हणून सोमवारी आम्ही दोघी मेडिकलला जाणार आहोत.