मस्टँग आणि महिन्याचा हिशोब

परवा दुबईहून भाच्याचा फोन आला. "मामू, जुनी फोर्ड मस्टँग स्वस्तात मिळतेय, घेऊ का?" आम्ही म्हटले, घेशील रे, पण पोसशील कशी? तिचे पाच लिटरचे व्ही-८ इंजिन शहरात लिटरला जेमतेम साडेसहा किलोमीटर देते. ६१ लिटरची टाकी ४०० किलोमीटरही पुरायची नाही. "इथे पेट्रोल स्वस्त आहे, मामू." असेल, पण २०१५ पासून तिथेही भाव दरमहा बदलतो. वर विमा, रुंद टायर. (बहुधा त्यातल्या एकाच्या पैशांत आमच्या अल्टोचे चारही येतील!) शौकाला आमची ना नाही. पण बहिणीचे लग्न शाबानमध्ये आहे, आणि अम्मीला पाठवायची रक्कम तो कशातून काढणार? यावर साहेब गप्प. आम्ही त्याला सहा महिन्यांचा खर्च कागदावर मांडायला सांगितलेय. कागद अजून आलेला नाही.