भिंतीची उंची हे इतिहासाचे माप नव्हे : वेल्समधला ड्रस्लुइन किल्ला

१/ वेल्समधील किल्ल्यांविषयी काहीही लिहिले की एक प्रतिक्रिया हमखास येते : कॉनवी पाहा, कार्नारव्हन पाहा, बाकी ठिकाणी 'पाहण्यासारखे काही उरलेले नाही'. हा धागा त्या एका वाक्याच्या प्रतिवादासाठी आहे. उदाहरण म्हणून नैऋत्य वेल्समध्ये टवी नदीच्या खोऱ्यावर उभा असलेला ड्रस्लुइनचा भग्न किल्ला घेतो.

२/ आधी जागा समजून घेऊ. कार्मार्दन आणि लानदाइलो या गावांच्या दरम्यान टवी नदी सपाट कुरणांतून मोठमोठी वळणे घेत वाहते. त्या सपाटीतून एक सुटी टेकडी एकदम वर येते आणि तिच्या माथ्यावर ड्रस्लुइन आहे. वरून खोऱ्यातली दोन्ही बाजूंची हालचाल मैलोन्मैल दिसते. किल्ल्यासाठी हीच जागा का निवडली, हे कळायला पुस्तक लागत नाही.

३/ हा किल्ला तेराव्या शतकाच्या पूर्वार्धात देहाइबार्थ या स्थानिक वेल्श राज्याच्या राजघराण्याने बांधला. याच घराण्यातील रीस आप ग्रिफिद ('आप' म्हणजे 'चा मुलगा') याने ११७६ च्या नाताळात कार्डिगनच्या किल्ल्यात कवींच्या आणि वादकांच्या स्पर्धा भरवल्या होत्या. वेल्सच्या आइस्तेद्वॉद या साहित्य-संगीत उत्सवाची परंपरा तिथपर्यंत नेली जाते. विजेत्यांच्या लेखनात हे लोक रानटी टोळीवाले ठरतात. प्रत्यक्षात त्यांच्याकडे स्वतःचा लिखित कायदा, दरबार आणि राजाश्रयाची परिपक्व रीत होती.

४/ आता 'पाहण्यासारखे' किल्ले. डिसेंबर १२८२ मध्ये ग्विनेदचा राजपुत्र लिवेलिन आप ग्रिफिद मारला गेला आणि उत्तर वेल्स इंग्लंडचा राजा पहिला एडवर्ड याच्या हाती आले. त्यानंतर कॉनवी, कार्नारव्हन, हार्लेक आणि पुढे बोमॅरिस येथे त्याने प्रचंड बांधकामे काढली. एकट्या कॉनवीवर सुमारे १५ हजार पौंड खर्च झाले. बोमॅरिस तर कधी पूर्णच झाला नाही.

५/ कॉनवीच्या भिंतींचे कौतुक करताना एक गोष्ट क्वचितच सांगितली जाते. त्या जागी आधी एक मठ होता आणि ग्विनेदचा थोर राजा लिवेलिन आप योरवर्थ (मृत्यू १२४०) याला तिथेच पुरले होते. एडवर्डने भिक्षूंना नदीच्या वरच्या अंगाला मायनान येथे हलवले आणि पराभूत राजघराण्याच्या दफनभूमीवर आपला किल्ला व तटबंदीचे नगर वसवले. जागेची निवड लष्करी होती, हे खरेच. पण तिचा दुसरा अर्थ तेव्हाच्या वेल्श माणसाला कळला नसेल, असे मानणे भाबडेपणाचे आहे.

६/ हे चार किल्ले १९८६ मध्ये जागतिक वारसा यादीत आले. नोंदीचे नाव आहे 'ग्विनेदमधील राजा एडवर्डचे किल्ले व नगरतट'. म्हणजे भूमी ग्विनेदची आणि नाव ती जिंकणाऱ्याचे. स्थापत्य म्हणून ती नोंद सर्वस्वी योग्य आहे, त्याबद्दल माझा वाद नाही. त्या नोंदीलाच वेल्सच्या किल्ल्यांचा संपूर्ण इतिहास समजणे, याला माझा विरोध आहे.

७/ ड्रस्लुइनकडे परत येऊ. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात तो रीस आप मारेदिदकडे होता. रीसने १२७७ आणि १२८२-८३ या दोन्ही युद्धांत ग्विनेदच्या लिवेलिनची साथ सोडून एडवर्डचा पक्ष घेतला. त्याला हवे होते दिनेव्हुर, म्हणजे त्याच खोऱ्यातले त्याच्या पूर्वजांचे मुख्य राजस्थान. एडवर्डने जमिनी दिल्या, पण दिनेव्हुर स्वतःकडे ठेवले आणि १२८३ मध्ये रीसला त्यावरचा हक्क सोडायला लावला.

८/ पुढची चार वर्षे राजाच्या अधिकाऱ्यांशी तंट्यांत गेली. रीस स्वतःला वेल्श कायद्याने चालणारा सत्ताधीश समजत होता. अधिकारी त्याला इंग्रजी न्यायालयात हजेरी लावणारा एक जमीनदार समजत होते. जून १२८७ मध्ये, एडवर्ड गॅस्कनीत असताना, रीसने बंड केले आणि दिनेव्हुर, कारेग केनेन व लानडव्हरी हे किल्ले घेतले.

९/ उत्तर तितकेच मोठे आले. राजाच्या गैरहजेरीत कारभार पाहणारा कॉर्नवॉलचा अर्ल एडमंड याने ऑगस्टमध्ये सुमारे ११ हजार माणसांनिशी ड्रस्लुइनला वेढा घातला. दगडफेकीचे अवाढव्य यंत्र उभारले गेले आणि तटाखाली सुरुंग खणला गेला. तो सुरुंग कोसळून वेढा घालणाऱ्यांतलेच काही सरदार गाडले गेले. तरीही तीनेक आठवड्यांत, ५ सप्टेंबरला, किल्ला पडला.

१०/ एका टेकडीसाठी ११ हजार माणसे! 'पाहण्यासारखे काही नाही' म्हणणाऱ्यांनी हा आकडा पुन्हा वाचावा. तेव्हाच्या राज्यकर्त्यांना ड्रस्लुइन किरकोळ वाटला नव्हता. तो किरकोळ ठरवला आहे आपण, आजच्या छायाचित्रांवरून.

११/ १९८० ते १९९५ या काळात डरहॅम विद्यापीठाचे ख्रिस केपल यांच्या मार्गदर्शनाखाली येथे उत्खनन झाले. त्यात यंत्राने फेकलेले दगडी गोळे आणि बाणांची टोके सापडली. राजदरबारी खर्चाच्या नोंदी आणि मातीतला पुरावा एकाच वेढ्याबद्दल बोलतात, असे मध्ययुगीन स्थळांच्या बाबतीत फार कमी वेळा घडते. संशोधकाच्या दृष्टीने ड्रस्लुइन दरिद्री नाही. उलट श्रीमंत आहे.

१२/ मग भिंती गेल्या कुठे? येथे 'कालाय तस्मै नमः' म्हणण्याची सवय आडवी येते. १७२६ मध्ये कवी जॉन डायरने याच खोऱ्यातल्या ग्रॉन्गार टेकडीवर कविता लिहिली. त्या शतकापासून टवीकाठचे अवशेष म्हणजे मानवी वैभवाच्या क्षणभंगुरतेचे रम्य चित्र, अशी पाहण्याची रीत रूढ झाली. ती रीत देखणी आहे, पण तिच्यात कर्ता हरवतो. वारा-पावसाने पडझड केली, असे एकदा म्हटले की कोणाला काही विचारावे लागत नाही.

१३/ उत्खननाने कर्ता परत आणला. १४०३ मध्ये ओवाइन ग्लिन्डूरच्या उठावात ड्रस्लुइन त्याच्या हाती गेला. उठाव ओसरल्यावर, पंधराव्या शतकाच्या पूर्वार्धात, किल्ला जाणूनबुजून निकामी करण्यात आला : प्रवेशमार्ग चिणून बंद केले गेले, आत आग लावली गेली, भिंती पाडल्या गेल्या. पुन्हा कोणा बंडखोराला तो वापरता येऊ नये, हा हेतू. ड्रस्लुइनच्या भिंती आज बुटक्या आहेत, कारण त्या कोणाला तरी भीतिदायक वाटल्या होत्या.

१४/ म्हणून उरलेल्या दगडांवरून महत्त्व ठरवणे ही निरागस अभिरुची नव्हे. ज्याचे पाडले गेले तो मापनातच हरतो आणि ज्याने पाडले त्याच्या भिंती उंच म्हणून इतिहासही उंच ठरतो. पंधराव्या शतकातला निकाल आपण एकविसाव्या शतकात, प्रवासयादीच्या रूपाने, पुन्हा एकदा कायम करतो.

१५/ आता दुसऱ्या बाजूलाही दोन शब्द. काही उत्साही मंडळी रीसला 'शेवटचा वेल्श वीर' म्हणतात, तर काही 'फितूर'. दोन्ही शिक्के एकाच आळसातून येतात. १२७७ च्या मोहिमेत एडवर्डच्या सुमारे १५ हजार पायदळापैकी सुमारे ९ हजार वेल्श होते. ते सगळे फितूर होते काय? तेव्हाची निष्ठा घराणे, वारसाहक्क आणि शेजाऱ्याचे भय यांवर उभी होती. 'राष्ट्र' ही आपली कसोटी त्यांना लावली की माणसे गळून पडतात आणि पुतळे उरतात. १२९२ मध्ये यॉर्क येथे मृत्युदंड भोगणारा रीस या दोन्ही पुतळ्यांत मावत नाही.

१६/ हा वाद केवळ अभ्यासकांचा नाही. २०१७ मध्ये फ्लिंटच्या किल्ल्याजवळ लोखंडी कड्याचे भव्य शिल्प उभारण्याची योजना जाहीर झाली. एडवर्डच्या किल्ल्यांच्या साखळीला 'लोखंडी कडे' म्हणतात, त्यामुळे लोक खवळले. १० हजारांहून अधिक जणांनी विरोधाच्या निवेदनावर सह्या केल्या आणि सप्टेंबरपर्यंत योजना मागे घेतली गेली. ७०० वर्षांपूर्वीच्या पराभवाचा दागिना करून लोकांना घालायला सांगितला की काय होते, ते तेव्हा दिसले.

१७/ 'मग कॉनवी पाहूच नये का?' अवश्य पाहावे. मी कोणाला बहिष्कार घालायला सांगत नाही. फक्त त्यानंतर एक दिवस टवीच्या खोऱ्यासाठी राखून ठेवावा. ड्रस्लुइन वेल्श वारसा यंत्रणा 'काडू' हिच्या देखरेखीखाली आहे आणि प्रवेशाला शुल्क नाही. पायथ्यापासून थोडा चढ आहे, पण चढता चढताच पाहायला लागा.

१८/ उतारावरचे गवताळ उंचवटे म्हणजे किल्ल्याबाहेरचे तटबंदीचे नगर. तिथे घरे होती, बाजार होता. पुढे गोल बुरुजाचा पाया, दरबारी दालनाच्या भिंती आणि नदीच्या बाजूला प्रार्थनागृहाच्या अरुंद खिडक्या. प्रत्येक ठिकाणी 'किती उरले आहे?' हा प्रश्न बाजूला ठेवा आणि 'हे कोणी, केव्हा, कशासाठी पाडले?' असे विचारा.

१९/ त्या प्रश्नाचे उत्तर ड्रस्लुइन बऱ्याच अंशी तारखेसकट देतो. उंच भिंतींचे फार थोडे किल्ले इतके स्पष्ट बोलतात. प्रतिवादाचे स्वागत आहे. फक्त तो छायाचित्रांनी नव्हे, पुराव्यांनी करावा.