बैलास नियम, धन्यास का नको?

बैलास जपण्याची रीत आमच्या कृषीवल समाजात फार जुनी आहे. पहाटे औत जुंपावे, ऊन चढले की सोडावे, पाणी पाजून सावलीत बांधावे, हे कोणास शिकवावे लागत नाही. पोळ्यास अगर बेंदरास त्याच्या खांद्यावर जू ठेवणे तर पापच समजतात. परंतु बैल सुटल्यावर धनी काय करतो? तो भर उन्हात बांध घालीत बसतो, आणि त्यासच कष्टाळूपणा म्हणण्याची चाल पडली आहे. आमच्या मते ही चाल घातक आहे.

कायद्यानेही जनावराची काळजी वाहिली आहे. १९६५ च्या नियमांप्रमाणे गाडीस वा ओझ्यास लाविलेल्या जनावराकडून दिवसात एकंदर ९ तासांहून अधिक व सलग ५ तासांहून अधिक काम घेता येत नाही. आणि जेथे उष्णता ३७ अंशांवर जाते तेथे दुपारी १२ ते ३ मुळीच घेता येत नाही. १९४८ च्या कारखान्यांच्या कायद्यानेही मजुरास दिवसाचे ९ तासच लावून दिले होते, आणि ५ तासांच्या आत निदान अर्धा तास विसावा ठरविला होता. स्वतःच्या शेतात राबणाऱ्या खातेदारासाठी मात्र असा नियम कोणी करणार नाही. कारण तोच मालक व तोच गडी. तेव्हा या मालकानेच आपल्या गड्यासाठी नियम केला पाहिजे.

यावर कोणी म्हणेल, की वाफसा कोणाची वाट पाहत नाही. हे खरे आहे. पेरणीत व सुगीत घड्याळ पाहून चालत नाही. परंतु वर्षातील असे दिवस मोजके असतात. इतर दिवशीही आपण तसेच धावतो, याचे कारण आजचे काम काल ठरविलेले नसते. सकाळचा थंड वेळ दोर व खुरपी शोधण्यात जातो, आणि जड काम उन्हाच्या वाट्यास येते. यास्तव निजण्यापूर्वी उद्याची दोन-तीन कामे ठरवावी. जड काम ऊन चढण्याच्या आत उरकावे. दुपारी विसावा घेऊन मग सावलीतील निवडटिपण, अवजारांची डागडुजी करावी. जेथे अद्याप पाळीने रात्रीची वीज मिळते, तेथे रात्री पाणी धरणाऱ्याने सकाळी पुन्हा औत धरू नये. भावाभावांनी वा शेजाऱ्यांनी पाळ्या वाटून घ्याव्या. झोपेने पेंगुळलेल्या माणसास अंधारातील साप दिसत नाही, आणि ओल्या हाताने वीजपेटी उघडण्यातील धोकाही सुचत नाही.

घरातील स्त्रियांचे तास तर कोणीच मोजीत नाही. त्यांचा दिवस धन्याच्या आधी उगवतो व त्याच्या मागून मावळतो. नियम करावयाचा तर त्यांच्यापासून आरंभ व्हावा.

महसूल खात्यात कारकुनी करताना थकबाकीचा एक गुण आम्ही नित्य पाहिला. यंदा राहिलेली बाकी पुढील सालच्या मागणीवर चढते, आणि देणाऱ्याचा हात मात्र तेवढाच राहतो. शरीराचेही तसेच आहे. आधी झोप उडते, मग पोराबाळांवर व मुक्या जनावरांवर विनाकारण राग निघू लागतो, शेवटी शेताकडे पाऊलच वळेनासे होते. याचा अर्थ माणूस आळशी झाला असा नसून बाकी फार चढली असा आहे. दुष्काळात शेतसाऱ्यास सूट वा तहकुबी मिळते. या बाकीस मिळत नाही. ती रोजच्या रोजच फेडावी लागते.

आमची वाचकांस विनंती एवढीच, की येता पंधरवडा घरातील प्रत्येकाने किती तास काम केले ते रोज रात्री दिनदर्शिकेवर मांडावे. आकडा ९ च्या वर सारखाच जात असेल, तर गोठ्यातील बैलाकडे एकवार पाहावे आणि त्यास दिलेला न्याय स्वतःस का नाकारला याचा विचार करावा.