खटल्याविना गुन्हेगार

मुंबईच्या राज्य पुराभिलेखागारात जुन्या इलाख्याच्या न्याय खात्याचे दप्तर धुंडाळणाऱ्या अभ्यासकाला खून-दरोड्याच्या प्रकरणांत निदान एक क्रम सापडतो : आरोप, साक्ष, बचाव, निकाल. तथाकथित गुन्हेगार जमातींच्या बाबतीत हा क्रमच नाहीसा होतो. उरते ती सरकारी अधिसूचना आणि तिच्यामागचा अधिकाऱ्यांचा पत्रव्यवहार.

कागद गहाळ झाल्यामुळे असे घडलेले नाही. 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्याने अशा अधिसूचनेची वैधता तपासण्यास न्यायालयांना मनाईच केली होती. 1911 च्या कायद्याने ती मनाई कायम ठेवली आणि मुंबई इलाख्यातील कैकाडी, भामटा आदी जमातीही त्याच्या कक्षेत आल्या. बोटांचे ठसे, पोलिसांकडील हजेरी, सोलापूरच्या ‘सेटलमेंट’सारख्या वसाहतींतील बंदिस्त जिणे, मुलांची आईबापांपासून ताटातूट ही सारी शिक्षा जन्मानेच वाट्यास आली; खटला कधी चाललाच नाही.

तेव्हा या दप्तरातील प्रत्येक विधान पुरावा मानण्यापूर्वी ते लिहिणारा हात कोणाचा, हे विचारले पाहिजे. ज्यांचे केवळ ठसे कागदावर उमटले, त्यांचे शब्द मराठी वाचकाला ‘उपरा’ (1980) आणि ‘उचल्या’ (1987) या आत्मकथनांतून ऐकावे लागले.

हा प्रश्न निव्वळ इतिहासाचा असता, तर तो विद्यापीठांवर सोपवता आला असता. कायदा 31 ऑगस्ट 1952 रोजी रद्द झाला. परंतु 1959 साली मुंबई राज्याने सराईत गुन्हेगारांविषयी कायदा केला आणि जमातीवरचा शिक्का व्यक्तीच्या कपाळी मारण्याची सोय शिल्लक राहिली. कैद्यांच्या नोंदवह्यांतील जातीचा रकाना काढून टाका, असे सर्वोच्च न्यायालयाला 3 ऑक्टोबर 2024 रोजी सांगावे लागले, यातच सर्व आले.

आमची मागणी साधी आहे. पोलीस ठाण्यांतील आणि वसाहतींच्या कचेऱ्यांतील जुन्या नोंदवह्या रद्दीत जाण्यापूर्वी अभिलेखागाराच्या स्वाधीन कराव्यात. त्यांच्या सूची मराठीत छापाव्यात. नावे उघड झाल्याने आजच्या कुटुंबांना जुना कलंक पुन्हा चिकटू नये, याची दक्षता घ्यावी. मात्र त्या सबबीखाली दप्तरच कुलूपबंद करू नये. आणि विमुक्त समाजातील तरुण-तरुणींना हे कागद वाचण्यासाठी अभ्यासवृत्ती द्याव्यात. ज्यांना न्यायालयात कधी बाजू मांडू दिली नाही, त्यांच्या नातवंडांना निदान आरोपपत्र तरी वाचू द्या.