भिंतीची ओल

कार्तिकांत काम काढलें, तर मृगापूर्वीं गिलावा वाळेल, असा आमच्या घरीं बेत ठरला. १४ माणसांचें स्वयंपाकघर माजघरांत हलविणें म्हणजे काय, हें ज्याचें त्यानेंच अनुभवावें. शेगडीपाशीं मुलांचीं पुस्तकें आणि देव्हाऱ्याशेजारीं चुन्याचीं घमेलीं! पण खरा वाद निघाला तो सासूबाईंच्या खोलीच्या भिंतीवरून.

शनिवार पेठेंतील आमचा वाडा १९६१ सालीं पानशेतच्या पुरांत भिजला. त्यानंतर घाईनें ह्या भिंतीस खालून सिमेंट लिंपलें. तेव्हांपासून ओल वरवर चढते आहे. गवंडी म्हणाला, "सिमेंट आणखी वर नेऊं." धाकट्या भावजींना तें स्वस्त वाटलें. सासूबाई म्हणाल्या, "आंत पू ठेवून खपली धरूं दिली, तर जखम बरी होते काय रे?"

त्यांचें म्हणणें शास्त्रास धरूनच होतें. मातीची भिंत जमिनींतील पाणी ओढते. चुन्याच्या गिलाव्यांतून त्याची वाफ होऊन जाते. सिमेंट तें कोंडतें. मग क्षार फुटतात, तुळयांचीं टोकें कुजतात.

प्रथम मोरीची गळती बंद केली, मग सिमेंट खरवडून काढलें. विझविलेला चुना निदान १५ दिवस पाण्याखालीं मुरावा लागतो, आणि गिलावा हवेंतील कर्बवायु घेत सावकाश कठीण होतो. खर्च वाढला, गच्चीचें काम यंदा राहिलें. भावजी अजून थोडे रुष्टच आहेत. सासूबाई मात्र रोज सकाळीं भिंतीला तळवा लावून पाहतात.