झेरॉक्स नाकारता, पण कोणत्या कलमाने?

मार्च 1920 मध्ये माणगावात बहिष्कृत वर्गाची परिषद झाली. आज त्याच हातकणंगले तालुक्यातली आमची मुले संशोधनासाठी ग्रंथालयात जातात, तेव्हा ‘कॉपीराइट आहे’ एवढे सांगून बाबासाहेबांच्या लेखनाची झेरॉक्स नाकारली जाते. संगणकावरची प्रिंटही मिळत नाही.

कायदा असे म्हणत नाही. लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षे हक्क राहतो. बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण 1956 चे, म्हणून हयातीत प्रसिद्ध झालेले त्यांचे लेखन 1 जानेवारी 2017 पासून सर्वांसाठी खुले आहे. ‘दि बुद्धा अँड हिज धम्मा’ 1957 मध्ये आला, तो वर्षभराने खुला झाला. मराठी अनुवादाचा हक्क मात्र वेगळा असतो. गल्लत इथेच होते, कारण आमची बहुतेक मुले अनुवादच वाचतात.

पण हक्क शिल्लक असला तरी स्वतःच्या संशोधनापुरती रास्त प्रत काढण्याची मुभा 1957 च्या कायद्याचे कलम 52 देते. ऑक्सफर्ड, केंब्रिजसारख्या प्रकाशकांनी दिल्ली विद्यापीठातल्या झेरॉक्स दुकानावर दावा लावला, तेव्हा दिल्ली उच्च न्यायालयानेही 2016 मध्ये अभ्यासक्रमाला लागणाऱ्या प्रतींच्या बाजूनेच कौल दिला. अख्खे पुस्तक छापून विकणे ही निराळी गोष्ट.

सगळी पुस्तके विकत घेणे शेतमजुराच्या मुलीला परवडत नाही. पुढच्या वेळी नकार आला, तर तो कलमासह लेखी मागावा आणि अर्जाची पोच घ्यावी.