देवघरांतील चिंच आणि मोटारीची जाळी

खंडेनवमीस शस्त्रें व वाहनें स्वच्छ करून पुजण्याची आपली चाल जुनी व चांगली आहे. परंतु उत्साहास माहितीची जोड नसली म्हणजे पूजेच्या तयारींतच वस्तूची हानि होते, हें आम्हीं अंबाजोगाईच्या आमच्या वाड्यांत गेल्या वर्षीं अनुभविलें. आजोबांच्या वेळची एक मोटार घरीं आहे. धाकट्या सूनबाईंनीं ज्या चिंचेनें व राखेनें देवघरांतील समया उजळल्या, त्यांनींच मोटारीच्या समोरची जाळीही मनोभावें घासली. सायंकाळीं पाहतों तों जाळीवर बारीक चरे उठलेले, आणि मुलामा विरलेल्या जागीं पिवळट डाग उघडे पडलेले! बिचारीच्या डोळ्यांत पाणी आलें. दोष तिचा नव्हता. धातूंतील भेद तिला कोणीं सांगितलाच नव्हता.

समई भरीव पितळेची असते. ती घासली तर वरचा काळेपणा जातो व खालून पुन्हां पितळच निघतें. जाळीचें तसें नाहीं. १९२० च्या दशकाच्या अखेरीपासून मोटारींवर क्रोमियमचा मुलामा देण्याचा प्रघात पडला. त्यापूर्वीं निकेलचा असे व तो वारंवार उजळावा लागे. क्रोमियमचा थर बहुधा मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही पातळ असतो. चकाकी मुख्यतः त्याखालच्या निकेलची; क्रोमियम तिला मलिन होऊं देत नाहीं. हें कवच गेलें म्हणजे कितीही घासून परत येत नाहीं.

म्हणून प्रथम धातु ओळखावा. लोहचुंबक घट्ट चिकटला तर आंत पोलाद आहे असें समजावें. एरवीं पितळ, जस्ताचा मिश्रधातु किंवा ॲल्युमिनियम असेल. उघड्या ॲल्युमिनियमला धुण्याचा सोडा लावूं नये, आणि संडास धुण्याचें ॲसिड क्रोमियमजवळ नेऊंही नये. तें मुलामाच विरघळवितें.

बीड जिल्ह्याची हवा कोंकणापेक्षां कोरडी, त्यामुळें गंज कमी. परंतु धूळ आणि विहिरीचें जड पाणी हे येथील शत्रु आहेत. कोरड्या फडक्यानें धूळ पुसल्यास तीच धूळ चरे पाडते. आधीं भरपूर पाणी ओतावें, मग सौम्य साबणाच्या पाण्यांत मऊ कुंचला बुडवून खांचा स्वच्छ कराव्या. जाळी उन्हांत वाळूं न देतां लागलीच टिपावी, म्हणजे क्षारांचे पांढरे ठिपके राहत नाहींत. पोलादावरील मुलाम्यांत गंजाचे ठिपके असल्यास ॲल्युमिनियमचा पातळ कागद चुरगाळून, पाण्यांत भिजवून हलक्या हातानें फिरवावा. तो क्रोमियमहून मऊ असतो. शेवटीं मोटारीचें मेण लावावें.

मुलाम्याचे टवके निघत असल्यास मात्र घरगुती उपाय थांबवावे. जुना थर काढून पुन्हां निकेल व क्रोमियम चढविणें हें जाणत्या कारागिराचें काम आहे. त्यांतील क्रोमिक आम्ल अत्यंत विषारी असतें.

आमच्या जाळीवर नवा मुलामा द्यावा काय, असा प्रश्न घरांत निघाला. सासूबाई म्हणाल्या, "राहूं द्या. तिनें प्रेमानें घासलेली आहे." यंदा तें काम पुन्हां सूनबाईंकडेच सोंपविलें आहे. हार मात्र तारेनें न बांधतां सुती दोऱ्यानें बांधावयाचा, असें तिनेंच सर्वांस बजाविलें आहे.